ब्रागिन: वर्तुळाच्या बाहेर राहिलेलं गाव

बेलारूसच्या आग्नेय कोपऱ्यात, गोमेल प्रांतातल्या सपाट, दलदलीच्या पोलेसियेत ब्रागिन वसलं आहे. वस्ती काही हजारांची, पण तालुक्याचं ठाणं. इतिवृत्तांत त्याचा पहिला उल्लेख 1147 चा. पुढे लिथुआनियाचं राज्य, मग पोलिश सरदारांची जहागीर. नंतर रशियाच्या गादीवर बसलेला तोतया झार 1603 मध्ये इथल्याच वाड्यात प्रकट झाला होता. 1793 च्या फाळणीत गाव रशियाकडे गेलं. पुढे बाजारपेठेत ज्यूंची मोठी वस्ती होती, ती 1941 नंतरच्या जर्मन अंमलात संपली.

आज मात्र ब्रागिन म्हटलं की 1986 च आठवतं. त्या वर्षी स्फोट झालेली चेर्नोबिलची अणुभट्टी इथून सुमारे 45 किलोमीटरवर. मे 1986 मध्ये 30 किलोमीटरच्या वर्तुळातली गावं उठवली, त्यात तालुक्याचा दक्षिण भाग रिकामा झाला आणि ब्रागिन राहिलं. वारा आणि पाऊस कंपासनं आखलेली रेघ पाळत नाहीत, हे मोजमापांतून लवकरच दिसलं. तरी दूषणाचे नकाशे लोकांसमोर यायला 1989 उजाडलं. तोवर गावात रस्ते धुणं, वरची माती खरवडून नेणं, छपरं बदलणं चालू होतं.

खरा वाद पेटला तो ‘35 रेम’वरून. रेम म्हणजे अंगात गेलेला किरणोत्सर्ग मोजायचं एकक. माणसाला आयुष्यभरात, म्हणजे 70 वर्षांत, एवढी मात्रा चालेल. त्याच्या आत बसणाऱ्या गावांवरचे निर्बंध उठवावेत, असं मॉस्कोचं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत सरकारचं म्हणणं. कागदावर हिशेब नीटनेटका होता. पण पोलेसियेची माती वाळूची नि पीटची, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या पाल्याची. चिकणमाती अणुभट्टीतून उडालेलं किरणोत्सारी सीझियम धरून ठेवते, ही माती ते गवताला देऊन टाकते. गवतातून गाईला, गाईतून पोरांच्या पेल्यात. शिवाय इथे अळंबी आणि रानबेरी घरोघरी खाल्ली जातात. स्थानिक शास्त्रज्ञांनी ही मर्यादा धुडकावली, आणि ते योग्यच होतं. 1991 च्या कायद्यांनी जमिनीतल्या सीझियमवरून टप्पे पाडले: चौरस किलोमीटरला 15 ते 40 क्युरी (किरणोत्साराचं एकक) असेल तर पुढे-मागे स्थलांतर, 5 ते 15 असेल तर जायचं की राहायचं हे रहिवाशानं ठरवायचं.

बरेच गेले, काही राहिले. दक्षिणेकडच्या ओस गावांवर 1988 पासून राखीव क्षेत्र आहे. तिथे युरोपीय बायसन सोडलेत, लांडगेही आहेत. सीझियम 30 वर्षांत निम्मं होतं. प्लुटोनियमच्या ऱ्हासातून तयार होणारं किरणोत्सारी अमेरिशियम-241 मात्र तिथल्या मातीत अजून वाढतंय.