खिशातला मोबाइल वीज ओढत नाही

परतीचा पाऊस गडगडायला लागला, की बीड-लातूरकडं सोयाबीन काढणारी माणसं आधी मोबाइल बंद करतात आणि मग लिंबाखाली जाऊन उभी राहतात. मोबाइल वीज ओढतो, हा समज गावोगाव पक्का. खरा धोका त्या लिंबाचा आहे.

फोन टॉवरशी बोलतो तो रेडिओ लहरींनी. त्यांची ताकद फार तर एक-दोन वॅट. तेवढ्यानं हवेत विजेला वाट तयार होत नाही. वीज बहुधा उंच, एकट्या उभ्या वस्तूवर पडते. झाडावर पडलेली वीज बुंध्यापासून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. नंतर खिशात जळका फोन सापडतो अन् सगळं खापर त्याच्यावर!

चार्जरला लावलेला फोन मात्र विजा कडाडत असताना हातात धरू नका, तारेतून झटका बसू शकतो. एरवी फोन चालूच ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा देतं. बंद फोनवर तो येणार कसा? गडगडाट ऐकू आला की पक्कं घर गाठा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच थांबा.