दिसलं कोणाला, कळलं कोणाला

सांघिक युद्धखेळात शत्रू एकाला दिसणं वेगळं आणि तो साथीदारांना कळणं वेगळं. हा फरक संगणकाच्या आधीचा आहे. प्रशियन अधिकारी फॉन राइसविट्झ यांच्या 1824 च्या 'क्रीगस्पील' या नकाशावरच्या युद्धखेळात नकाशा 1:8000 प्रमाणाचा, एक खेळी दोन मिनिटांची. शत्रूची तुकडी दिसण्याजोगी झाली तरच पंच तिचा ठोकळा नकाशावर ठेवायचा, आणि निरोप पोचायलाही वेळ लागायचा.

वॉल्टर ब्राइट यांच्या 1977 च्या 'एम्पायर' या संगणकावरच्या युद्धखेळात पंचाची जागा संगणकाने घेतली. न पाहिलेला नकाशा कोरा राहिला, पण एका तुकडीने पाहिलं की खेळाडूला ते तत्क्षणी ठाऊक. निरोप्या गेला तो तिथेच. खेळाडू एकटा, त्यामुळे काही बिघडलं नाही.

2010 च्या 'वर्ल्ड ऑफ टँक्स' या रणगाड्यांच्या ऑनलाइन खेळात मात्र एका बाजूला पंधरा माणसं. दिसण्याचा हिशेब असा: दृष्टीच्या पल्ल्यातून 50 वजा करा, उरलेल्याला समोरच्याच्या लपण्याच्या टक्केवारीने गुणा, आणि ते पल्ल्यातून वजा करा. पल्ला 400 मीटर, लपणं 30 टक्के, तर रणगाडा 295 मीटरवर दिसतो. 445 च्या पुढे काहीच दिसत नाही, 50 च्या आत भिंतीआडचाही दिसतो. झुडपाआडून गोळा डागताना नवखे हमखास फसतात: 15 मीटरच्या आतलं झुडूप तोफ उडताच फारसा आडोसा देत नाही. आधी मागे सरकायचं, मग डागायचं. आपण दिसलो हेही 'सहावं इंद्रिय' नावाचा पडद्यावरचा दिवा तीन सेकंदांनी सांगतो.

निरोप्याचं काम रेडिओकडे आलं. दोघांच्या रेडिओ पल्ल्यांची बेरीज अंतराहून कमी पडली, तर एकाने पाहिलेलं दुसऱ्याला कळायचं नाही. कल्पना सुरेख, आकडे ढिले. एक किलोमीटरच्या चौरस नकाशाचा कर्ण 1,414 मीटर. वरच्या श्रेणीतल्या दोन रेडिओंचे पल्ले 707 मीटरच्या पुढे गेले की नियम उरतो कागदावर. नकाशा आणि पल्ला एकत्र न मोजल्याचा हा परिणाम.

'कॉल ऑफ ड्यूटी 4' या नेमबाजीच्या खेळाने 2007 मध्येच माहितीला वेगळी किंमत लावली होती: सलग तीन बळींनंतर शत्रू नकाशावर दाखवणारं रडार, आणि सायलेन्सर न लावता गोळी झाडली की शत्रूच्या नकाशावर लाल ठिपका.

एक दुखणं क्रीगस्पीलच्या पंचाला कधी सोसावं लागलं नाही. शत्रूची जागा खेळाडूच्या संगणकात पोचली असेल, तर पडद्यावर न दाखवताही चोरून वाचता येते. म्हणून 2020 च्या 'व्हॅलोरंट' या नेमबाजीच्या खेळात शत्रू नजरेत येण्याच्या बेतात असल्याखेरीज सर्व्हर (खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक) त्याची जागा पाठवतच नाही. यात वेळ चुकवून चालत नाही: उशिरा पाठवली तर शत्रू कोपऱ्यावर हवेतून प्रकटतो, फार आधी पाठवली तर चोरी पुन्हा शक्य.