मोटरहोमला सुटा जनरेटर जोडणे

अमेरिका व कॅनडा येथे मोटरहोम आणि राहण्याजोग्या ट्रेलरना, विजेची सोय नसलेल्या मुक्कामी, बाहेर ठेवलेल्या सुट्या जनरेटरमधून वीज पुरवण्याची पद्धत. अशा वाहनात दोन वीजव्यवस्था असतात. दिवे व पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, तर एसी आणि मायक्रोवेव्हला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची वीज लागते. जनरेटर या दुसऱ्या व्यवस्थेला जोडला जातो आणि वाहनातील कन्व्हर्टर त्याच विजेवर बॅटरीही चार्ज करतो. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा असल्याने या लेखातील आकडे आपल्याकडील कॅरॅव्हॅनना लागू पडत नाहीत.

जोडणी वाहनाच्या नेहमीच्याच केबलने, म्हणजे कॅम्पच्या जागी वीजखांबाला लावायच्या केबलने होते. ३० अँपिअरच्या वाहनाचा प्लग तीन पिनांचा असतो. ५० अँपिअरचा चार पिनांचा असून त्यात १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र फेज येतात. लहान जनरेटरवर बहुधा साधे घरगुती सॉकेट असल्यामुळे मध्ये अडॅप्टर लावावा लागतो. अडॅप्टरने पिना जुळतात, वीज वाढत नाही, आणि नवख्यांची गफलत नेमकी येथेच होते. ३० अँपिअरची जोडणी ३,६०० वॅटपर्यंत भार घेऊ शकते, पण सतत १,६०० वॅट देणारा जनरेटर सुमारे १३ अँपिअरच पुरवतो. छतावरच्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या कितीतरी पट वीज ओढतो. म्हणून सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करून हा झटका कमी करणारे उपकरण) बसवतात किंवा एकाच जातीचे दोन इन्व्हर्टर जनरेटर (इलेक्ट्रॉनिक मंडलातून स्थिर वीज देणारे) समांतर जोडतात. फ्रिज व गीझर गॅसवर चालत असतील तर तेवढा भार वाचतो. उंचावर हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते, हेही हिशेबात धरावे लागते.

अर्थिंगचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाहनाच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल (वीज परतीची तार) आणि अर्थ (संरक्षक तार) मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, कारण त्यांचा जोड वीजस्रोताच्या बाजूला एकाच ठिकाणी असावा लागतो. अनेक इन्व्हर्टर जनरेटरांत हा जोड नसतोच. परिणामी वाहनाचे, येणारी वीज तपासून दोष असल्यास ती तोडणारे संरक्षक उपकरण अर्थ तुटल्याची खूण दाखवून पुरवठा रोखते, आणि जनरेटर उत्तम चालत असूनही वाहनात अंधार राहतो. त्यावर उपाय म्हणून, आत न्यूट्रल व अर्थ जोडलेला प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घालतात. संरक्षक उपकरणच काढून टाकणे हा सोपा पण चुकीचा मार्ग होय. वाहनाच्या आतील सॉकेटमध्ये दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घालून उलटा पुरवठा करणे तर जिवावर बेतणारे आहे: उघड्या पिनांत वीज खेळते आणि मुख्य ब्रेकरचे संरक्षणही टळते.

जनरेटर भाराविना सुरू करून स्थिर होऊ देतात, मग मुख्य ब्रेकर बंद ठेवून केबल लावतात आणि उपकरणे एकेक करून चालू करतात. बंद करताना क्रम उलटा. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे जनरेटर वाहनापासून किमान २० फूट दूर, धुराचे तोंड खिडक्यांच्या विरुद्ध दिशेला करून ठेवतात आणि वाहनात या वायूचा अलार्म चालू असतो. पावसात जनरेटर भिजू नये म्हणून तो वाहनाच्या बाजूला ताणलेल्या कापडी मांडवाखाली आणण्याचा मोह होतो, पण तेथेच धूर कोंडतो. आवाजावरही बंधने आहेत: अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या यंत्राला मनाई आहे आणि कॅम्पच्या जागी रात्रीच्या शांततेच्या वेळा वेगळ्या ठरलेल्या असतात.