सुखद स्पर्श

सुखद स्पर्श : कुरवाळणे, गोंजारणे, पाठीवरून हात फिरवणे, कवेत घेणे अशा स्पर्शांतून होणारी सुखाची जाणीव आणि तिच्यासोबत मेंदूत व शरीरात घडणारे बदल. अंगाला काय लागले, कुठे लागले, ते खरखरीत होते की गुळगुळीत, ही झाली स्पर्शाची माहिती. तो स्पर्श ‘बरा वाटणे’ ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी त्वचेत निराळे चेतातंतूही आहेत.

माहिती देणारे तंतू जाड असून त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यांतून संदेश सेकंदाला साधारण 35 ते 75 मीटर वेगाने धावतो. दुसरे तंतू बारीक, विनाआवरणाचे. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. म्हणजे मनगटावरून कोणी बोट फिरवले तर त्याची खबर मेंदूला जवळजवळ लगेच मिळते, पण या दुसऱ्या वाटेचा संदेश सुमारे सेकंदभर मागून पोहोचतो. या सावकाश तंतूंना सी-स्पर्शतंतू म्हणतात.

स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ युंग्वे झोटरमन यांनी 1939 मध्ये मांजरांत असे तंतू नोंदवले. माणसात ते नसावेत, उत्क्रांतीत गळून गेले असावेत, असा समज पुढे बराच काळ होता. उप्साला येथे 1960च्या दशकाच्या अखेरीस कार्ल-एरिक हाग्बार्थ आणि ओके वाल्बो यांनी जागेपणी माणसाच्या नसेत अतिसूक्ष्म सुई घालून एकेका तंतूचे संदेश टिपण्याचे तंत्र विकसित केले. त्याच तंत्राने 1988 मध्ये चेहऱ्याच्या आणि पुढे हाताच्या त्वचेत हे तंतू सापडले. ते मुख्यतः लव असलेल्या त्वचेत असतात. तळहातावर ते फार विरळ आढळतात. तळहात हे चाचपण्याचे अवयव आहे. कुरवाळून घ्यायला पाठ, दंड, कपाळ जास्त योग्य, असे म्हणायला हरकत नाही.

या तंतूंच्या आवडीनिवडी ठरलेल्या आहेत. मऊ ब्रश त्वचेवरून सेकंदाला 1 ते 10 सेंमी वेगाने फिरवला की ते सर्वांत जास्त चेततात. त्याहून हळू किंवा भरभर फिरवला की त्यांचा प्रतिसाद उतरतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींनी दिलेले सुखदपणाचे गुणही याच वेगाला सर्वाधिक होते. ब्रश थंड किंवा गरम नसून त्वचेच्या नेहमीच्या तापमानाचा, सुमारे 32 अंश सेल्सियसचा असला तर प्रतिसाद उत्तम मिळतो. आईबाप बाळाला कुरवाळतात तेव्हा त्यांचा हात कोणी न शिकवता साधारण याच वेगाने फिरतो. तोच हात कृत्रिम दंडावर फिरवायला सांगितला तर वेग वाढतो.

दोन वाटा खरोखर वेगळ्या आहेत याचा ठोस पुरावा एका रुग्ण स्त्रीमुळे मिळाला. आजारपणात तिचे जाड स्पर्शतंतू निकामी झाले होते, बारीक शाबूत होते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या हातावर मऊ ब्रश फिरवला असता तिला पुसटशी, पण सुखद संवेदना झाली. त्या वेळी मेंदूतील शरीरसंवेदनेचे नेहमीचे क्षेत्र शांत राहिले आणि इन्शुला हा आत दडलेला भाग उद्दीपित झाला. भूक, हृदयाची धडधड, अंगातली ऊब अशा आतल्या जाणिवांचा हिशोब इन्शुलात ठेवला जातो. मात्र सगळे सुख एकट्या सी-स्पर्शतंतूंच्या नावावर टाकता येत नाही. वेदनेवर उपचार म्हणून मज्जारज्जूतील वेदना-तापमानाचा मार्ग तोडलेल्या रुग्णांत स्पर्शाचा सुखदपणा कमी झाला नाही, असे 2019 मध्ये दिसून आले. हे बारीक तंतू त्याच मार्गाने जातात असे तोवर मानले जात होते. शिवाय पाय चेपून घेणे, घट्ट मिठी, थोपटणे यांत दाब आणि लय आहे, आणि दाबाची जाणीव जाड तंतूंवर अवलंबून असते.

सौम्य स्पर्शाने हृदयाचे ठोके मंदावतात. नऊ महिन्यांच्या बाळांतही मध्यम वेगाच्या कुरवाळण्याने हे घडलेले नोंदले आहे. ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा अशा स्पर्शाशी संबंध आहे, पण त्याला सरसकट ‘प्रेमाचे रसायन’ म्हणणे हा वृत्तपत्री उत्साह झाला. माकडे एकमेकांची लव विंचरून उवा-कचरा काढतात तेव्हा त्यांच्या मज्जाद्रवात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, बीटा-एंडॉर्फिन हे शरीरातच तयार होणारे वेदनाशामक रसायन वाढते, हे 1989 मध्ये आढळले.

हात कोणाचा, यावर बरेच अवलंबून असते. 2006 च्या एका प्रयोगात विजेचा सौम्य झटका बसणार अशी धास्ती असलेल्या विवाहित स्त्रियांनी नवऱ्याचा हात धरला असता मेंदूतील धोक्याला मिळणारा प्रतिसाद कमी झाला. परक्याच्या हाताने तो कमी उतरला, आणि ज्यांचा संसार अधिक सुखाचा त्यांच्यात नवऱ्याच्या हाताचा परिणाम जास्त दिसला. नको असलेल्या व्यक्तीचा तोच स्पर्श, त्याच वेगाचा, किळसवाणा वाटतो. स्वतःच्या हाताचा परिणाम फिका पडतो, कारण तो कुठे लागणार हे मेंदूला आधीच ठाऊक असते. आपल्याच हाताने गुदगुल्या होत नाहीत त्याचेही कारण हेच.

नवजात बाळांच्या बाबतीत स्पर्श हा उपचारच ठरला आहे. कोलंबियातील बोगोता येथे 1978 मध्ये डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिला आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही सेवा बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच सुरू केल्यास पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. यात स्पर्शाबरोबर ऊब, स्तनपान आणि आईचे सान्निध्य हेही आले.

महाराष्ट्रात बाळाला तेल लावून, पसरलेल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याची रीत आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाईचे चोळणे कधी कधी एवढे जोरकस असते की प्रयोगशाळेतल्या मऊ ब्रशशी त्याचे नाते जुळत नाही, आणि बाळही त्या वेळी रडून घर डोक्यावर घेते. अंग पुसून दुपट्यात गुंडाळल्यावर मात्र थोपटणे सुरू होते आणि बाळ गाढ झोपते.