माणगावचा पुतळा, मोंटोनचं सूर्यघड्याळ

इटलीत पेरुजियाजवळच्या मोंटोन या छोट्या गावात जुलै २०२३ मध्ये एका सूर्यघड्याळाचं अनावरण झालं. ते यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे; ब्रिटिश हिंदी लष्करात ते नाईक या हुद्द्यावर होते. माणगावच्या तहसील कचेरीत सातबारासाठी हेलपाटे घातलेल्यांना आवारातला त्यांचा पुतळा ठाऊक असतो. हा कोकणातला गडी इटलीच्या डोंगरात कशाला गेला होता, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, जन्म १९२१ चा. जिल्हा तेव्हा कुलाबा. भाताचं एक पीक निघालं की हाताला काम नाही, म्हणून इथली पोरं मुंबईच्या गिरणीत जात, नाहीतर पलटणीत. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या लावल्या : या गावातून लढाईस इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये रोम जर्मनांच्या हातून गेलं. जर्मन फौजा उत्तरेकडे मागे सरकत होत्या, पण टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली टेकडी न् टेकडी लढवत. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन तिथे होती. १० जुलैला घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या छोट्या तुकडीवर, अगदी जवळून, लपवलेल्या मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही संपले. आणखी एकाला त्यांनी टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. वय बावीस.

मेलेला सैनिक मायदेशी आणायचा नाही, असा तेव्हाचा नियम होता. पळसगावात चिता पेटली नाही. घरी आला तो मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या वीस क्रॉसपैकी सहा भारतीयांचे. पन्नास हजारांवर भारतीय तिथे लढले, त्यांतले ५,७८२ परतले नाहीत. स्वातंत्र्यानंतर त्यांची आठवण कुणी काढायची हा पेच होताच. लढाई इंग्रजांची, मेलेली माणसं आपली. त्यामुळे ज्या खोऱ्यात घाडगे पडले, तिथे त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहायला एकोणऐंशी वर्षं गेली.

सूर्यघड्याळावर लॅटिनमध्ये कोरलंय, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. नाव मात्र लष्कराच्या इंग्रजी कागदांवरून उचललेलं. त्यांत यशवंतचं ‘येशवंत’ झालं होतं. स्मारकाच्या अधिकृत नावातही तेच स्पेलिंग आहे.