दाह एमआरआयमध्ये दिसतो कसा? 'कॉन्ट्रास्ट'ची पार्श्वभूमी

एमआरआय 'कॉन्ट्रास्ट'सह करायचा असला की बऱ्याच ठिकाणी आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणाऱ्या रक्तचाचणीचा, रिपोर्ट मागतात. मग हाताच्या शिरेत सुई लावतात आणि स्कॅनच्या मध्यावर 60 किलोच्या माणसाला साधारण 12 मिलि. औषध देतात. लोक त्याला 'डाय' म्हणतात, पण ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्यात असतो गॅडोलिनियम नावाचा धातू.

त्वचेवरचा दाह लाली, सूज, ऊब आणि वेदना यांवरून कळतो. कवटीच्या आतला कसा कळणार? अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये चुंबकीय अनुनादातून प्रतिमा मिळवण्याची रीत, म्हणजेच आजचा एमआरआय, मांडली. पण ती प्रतिमा मुख्यतः शरीरातल्या पाण्याची. मेंदूतला जुना व्रण आणि कालचा ताजा दाह तिच्यात बऱ्याचदा सारखेच दिसत. 1978 मध्ये लॉटरबर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर मँगनीजचे क्षार वापरून पाहिले. गॅडोलिनियम त्याहून प्रभावी, कारण त्याच्या आयनात जोडी नसलेले 7 इलेक्ट्रॉन असतात आणि ते चुंबकासारखे वागतात. त्याच्या सान्निध्यात पाण्याचे प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात आणि तेवढा भाग उजळतो. मात्र मोकळं गॅडोलिनियम विषारी. बर्लिनच्या शेरिंग कंपनीतल्या हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी ते डीटीपीए या रेणूत जखडलं. 1988 मध्ये त्या औषधाला मान्यता मिळाली.

खरी उकल झाली मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते त्या आजारात. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या हे औषध बाहेर जाऊ देत नाहीत. दाहाने त्यांची भिंत सैल झाली की ते पाझरतं. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूविकारांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्याच त्या रुग्णांचे पुन्हापुन्हा स्कॅन केले. नवे डाग उजळत आणि साधारण महिनाभरात ते उजळणं थांबे. रुग्णाला काहीच जाणवत नसतानाही आजार आत धुमसत असतो, हे त्यातून डोळ्यांना दिसलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

पण यात दिसते ती गळती. दाह करणाऱ्या पेशी नव्हेत. अर्बुदातही (ट्यूमरमध्येही) अशीच गळती होते. म्हणून संशोधक लोहाच्या अतिसूक्ष्म कणांकडे वळले. दाहाच्या जागी जमणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी हे कण गिळतात आणि प्रतिमेत ती जागा काळवंडते. यातलं फेरुमॉक्सिटॉल अमेरिकेत 2009 मध्ये मंजूर झालं, तेही मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी! 2008 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या गटाने उंदरांत फ्लोरिनयुक्त थेंब वापरले; तेही अशाच पेशी गिळतात. मऊ ऊतींत मुळात फ्लोरिन जवळपास नसतंच, त्यामुळे जो संकेत मिळतो तो त्या थेंबांचाच.

दरम्यान गॅडोलिनियमची दुसरी बाजूही पुढे आली. 2006 मध्ये मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांतला, त्वचा दगडासारखी घट्ट करणारा विकार त्याच्याशी जोडला गेला. क्रिएटिनिनची विचारणा होते ती त्यामुळेच. 2014 मध्ये जपानी डॉक्टरांनी वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत त्याच्या साठ्याच्या खुणा दाखवल्या. त्यातून लगेच इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. तरीही 2017 मध्ये युरोपने सैल बांधणीची बहुतेक औषधं शिरेतून देणं थांबवलं. त्यांत बर्लिनचं ते पहिलं औषधही होतं. आता तिथे मेंदूच्या तपासणीसाठी धातूला कड्यासारखं घट्ट कोंडणारी औषधं वापरतात.