एसएसडी घेताय? डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका

नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या दुकानात एसएसडी (कॉम्प्युटरचा डेटा चिपवर साठवणारी ड्राइव्ह) घ्यायला आलेलं रोज कोणीतरी मोबाइल पुढे करतं: "हेच मॉडेल ऑनलाइन तीनशे रुपयांनी स्वस्त आहे, तुमच्याकडे का नाही?" नाव तेच असतं, खरं आहे. पण आतला माल तोच असेल असं नाही.

कंपन्या नाव कायम ठेवून आतले पार्ट बदलतात. क्रुशियलची पी2 ड्राइव्ह आधी टीएलसी चिपवर (एका सेलमध्ये तीन बिट, जास्त वेगवान आणि टिकाऊ) यायची, 2021 मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी (सेलमध्ये चार बिट, स्वस्त पण हळू) यायला लागली. त्याच वर्षी सॅमसंगने 970 इव्हो प्लस ड्राइव्हचा कंट्रोलर (ड्राइव्हचं काम चालवणारी चिप) बदलला, निदान पार्ट नंबर तरी नवा दिला. स्वस्त मॉडेलांच्या माहितीत तर चिप कोणती हे लिहिलेलंच नसतं. तिथे आम्ही सरळ क्यूएलसी धरून चालतो.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खातो तो डब्यावरचा वेग. तो आकडा रिकाम्या ड्राइव्हचा, कॅशमधला (डेटा आधी जिथे पटकन उतरतो त्या छोट्या वेगवान जागेतला) असतो. एक-दोन जीबीची फाइल टाकून बघितली की सगळंच झकास दिसतं. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हवर लग्नाचं शंभर जीबी शूटिंग टाका: सुरुवातीला सेकंदाला 450 एमबी, मग कॅश भरते आणि काटा शंभराच्याही खाली. मग ग्राहक येतात, "ड्राइव्ह खराब निघाली." खराब नसते हो, ती तशीच असते. म्हणून कंपनीही बदलून देत नाही.

टॅली, ऑफिस, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर क्यूएलसी पुरते, उगाच पैसे घालू नका. व्हिडिओ एडिटिंग असेल तर टीएलसी आणि डीरॅमवालीच (आत स्वतःची वेगळी मेमरी चिप असलेली) घ्या. दोन ड्राइव्हमध्ये अडलात तर टीबीडब्ल्यू (एकूण किती टेराबाइट डेटा लिहिण्यापर्यंत कंपनी हमी देते तो आकडा) आणि वॉरंटीची वर्षं बघा.

आमचे भाव थोडे चढे वाटतील. पण मोठी फाइल टाकून आम्ही ड्राइव्ह तुमच्यासमोर तपासतो, चिपचा प्रकार आणि फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) नंबर बिलावर लिहितो, जुना डेटा नव्या ड्राइव्हवर घेण्याचे वेगळे पैसे लावत नाही. बाहेरून आणलेली ड्राइव्हही बसवून देऊ, मजुरी लागेल.

आणि मे महिन्यात गरम होते म्हणून एम.टू ड्राइव्हवरचं (लॅपटॉपच्या आत स्लॉटमध्ये बसणारी पातळ पट्टीसारखी ड्राइव्ह) स्टिकर काढू नका. सीरियल नंबर त्यावरच असतो. तो गेला की वॉरंटीचं भांडण सुरू.

येताना लॅपटॉप सोबत आणा. काही जुन्या लॅपटॉपच्या एम.टू स्लॉटमध्ये फक्त साटा (जुन्या, हळू जोडणीची) ड्राइव्ह चालते, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) नाही.